रुजू होणे आणि रुजणे

नव्याने नेमलेला शिक्षक शाळेत पोचल्यावर पहिल्या दिवशी जो कागद मुख्याध्यापकांच्या सहीने वर जातो, त्याला ‘रुजू अहवाल’ म्हणतात. नाव, नियुक्ती आदेशाचा क्रमांक, दिनांक आणि ‘आज रोजी मध्यान्हपूर्व हजर झालो’ असे एक वाक्य, एवढाच त्याचा ऐवज. ‘रुजू’ हा शब्द अरबीतून फिरत फिरत आपल्या दप्तरात येऊन बसलेला. ‘रुजणे’ मात्र शेतातले, घरचे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोहोंचे काही नाते नाही. पण कानाला ती सख्खी भावंडे वाटतात, आणि मराठीच्या अध्यापकाला असल्या अपघाती नात्यांचा मोह आवरत नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे. आपल्याकडे शिक्षक रुजू करून घेण्याची यंत्रणा गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ तपशिलाने उभी राहिली. तो रुजावा यासाठी मात्र काहीही उभे राहिले नाही. या लेखात मला म्हणायचे आहे ते एवढेच.

नवा शिक्षक म्हटला की साहित्याच्या विद्यार्थ्याला ‘बनगरवाडी’ आठवणे अपरिहार्य आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली, आणि तेव्हापासून आपण ती दुष्काळाची, धनगरांच्या जीवनाची, माणदेशाच्या निसर्गाची कादंबरी म्हणून शिकवत आलो. ती तशी आहेच. पण एकदा ती केवळ नोकरीची कथा म्हणून वाचून पाहावी. औंध संस्थानच्या शाळाखात्याने एक कोवळ्या वयाचा मास्तर एका वाडीवर नेमला आहे. शाळा नावापुरती आहे, मुले मेंढरांमागे आहेत, आणि खात्याने त्याच्या हाती हुकूम देण्यापलीकडे काही केलेले नाही. त्याला त्या वाडीत उभे करतो तो म्हातारा कारभारी. त्याच्या शब्दाखातर मुले शाळेत येतात. मास्तर कोण, त्याच्याशी कसे वागायचे, त्याला काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हे वाडीला कारभाऱ्याकडून कळते. आणि वाडी म्हणजे काय हे मास्तरालाही त्याच्याकडूनच कळते. पुढे मास्तर लोकांची कागदपत्रे पाहतो, भांडणांत पडतो, तालीम बांधायला घेतो. थोडक्यात, तो रुजतो. शेवटी वाडीच उठते तेव्हा त्यालाही उठावे लागते, हा भाग वेगळा.

आजच्या नवशिक्षकाच्या वाट्याला यातले काय येते? खात्याचा हुकूम येतो. कारभारी येत नाही. आणि कारभाऱ्याची ती जागा खात्याने घ्यायला हवी होती, असे कुणाला कधी वाटलेले दिसत नाही.

निवडीच्या यंत्रणेबद्दल प्रथम थोडे, कारण तिच्यावर टीका करणे आजकाल फार सोपे झाले आहे आणि मला त्या सोप्या टीकेत सामील व्हायचे नाही. खाजगी संस्थांतील नेमणुकांचा बाजार ज्यांनी जवळून पाहिला, त्यांना ‘पवित्र’ या नावातला उपरोध बाजूला ठेवून त्या पोर्टलचे मोल कळते. २०१० मध्ये राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा आवश्यक केली. महाराष्ट्रात ती २०१३ मध्ये प्रथम झाली. मधल्या काळात, २०११ च्या ऑक्टोबरमध्ये, राज्यभर पटपडताळणी झाली आणि कागदावरच्या मुलांचे जे काय निघायचे ते निघाले. २०१२ मध्ये भरतीवर बंदी आली. पुढे २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. त्यावरची पहिली मोठी भरती २०१९ मध्ये, दुसरी चाचणी २०२३ मध्ये आणि तिच्यावर आधारलेल्या नेमणुका २०२४ मध्ये, तिसरी चाचणी २०२५ मध्ये. या तारखा नुसत्या ओळीने वाचल्या तरी मधली रिकामी वर्षे दिसतात. डी.एड.ची पदविका घेऊन विशीत बाहेर पडलेली एक आख्खी पिढी या रिकाम्या वर्षांत तिशी ओलांडून गेली. ज्या काळात गावोगावी अध्यापक विद्यालये निघाली आणि पुढे तशीच धडाधड बंद पडली, त्या काळाचा हिशेब अजून कुणी नीट मांडलेला नाही. कादंबरीकारांनी तरी तो मांडावा.

तरीही, वशिला नसलेल्या घरातली मुलगी केवळ गुणांवर जिल्हा परिषदेच्या शाळेत लागते ही गोष्ट लहान नाही. माझ्या वर्गात बसलेली अशी काही मुले आज शिक्षक आहेत. पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार २०२१ च्या अखेरीस उघडकीस आला, हजारो उमेदवार त्यात अपात्र ठरले. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडींचे प्रकरण निघाले. म्हणजे बाजार संपला असे नाही, त्याने जागा बदलली. पण त्यामुळे परीक्षेने निवड करण्याचे तत्त्व चुकीचे ठरत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीत दोनशे प्रश्न असतात आणि एकशेवीस मिनिटे. मालिका पूर्ण करा, आरशातील प्रतिमा ओळखा, विधानावरून निष्कर्ष काढा. उमेदवार चलाख आहे की नाही हे यातून कळत असेल. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलाखतीविना नेमला जाणारा शिक्षक वर्गात पहिल्यांदा तोंड उघडेपर्यंत त्याचे वाचन कुणीही ऐकलेले नसते. तो धडा कसा वाचतो, ‘च’ आणि ‘ज’ यांचे उच्चार कसे करतो, कविता म्हणताना श्वास कुठे घेतो, मूल चुकले तर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते? निवडीच्या सगळ्या प्रवासात हे पाहणारा एकही माणूस नसतो. बी.एड.च्या सरावपाठांत कुणी पाहिले असेल तर असेल. ज्या संस्था मुलाखतीसह भरतीचा पर्याय घेतात तिथे पाठ घेऊन दाखवण्याची सोय आहे; पण तिथे पाठापेक्षा दुसऱ्याच गोष्टी ऐकल्या जातात अशी तक्रार उमेदवार करत असतात, आणि ती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

बरे, निवडीत हे पाहणे अवघड आहे हे मान्य करू. लाखो उमेदवारांचे पाठ कोण ऐकणार? पण मग नेमणुकीनंतरच्या काळात तरी कुणी ऐकावे. आणि इथे आपण ‘शिक्षणसेवक’ या शब्दाशी येऊन पोचतो.

२००० साली राज्याने ही योजना आणली. नवीन शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करायचे, सेवा ‘समाधानकारक’ ठरली की मग वेतनश्रेणी. सरकारी मराठीने घडवलेल्या शब्दांत हा शब्द मला सर्वांत चतुर वाटतो. ‘सेवक’ म्हटले की पगार मागणे जरा कमीपणाचे वाटू लागते. आपल्याकडे सेवेला मेवा मिळतो, वेतन नव्हे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना सहा हजार, माध्यमिकच्याला आठ हजार, उच्च माध्यमिकच्याला नऊ हजार असे मानधन दहाएक वर्षे जागचे हलले नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने या रकमेबद्दल कान टोचले, आणि १ जानेवारी २०२३ पासून ती अनुक्रमे सोळा, अठरा व वीस हजार झाली. तालुक्याच्या गावी एक खोली, दुचाकीचे पेट्रोल आणि घरी पाठवायचे चार पैसे, यांचा हिशेब वाचकांनी स्वतः मांडून पाहावा.

या संदर्भात एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकांबद्दल जे लिहिले ते आजच्या कोणत्याही शासन निर्णयापेक्षा अधिक विचाराने लिहिलेले आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेती करणाऱ्या वर्गातले असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील. त्यांचा पगार बारा रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा. मुले चांगली तयार करणाऱ्याला वेगळा भत्ता मिळावा. शिवाय गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल अशी काही कामे त्याच्याकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल. निवड, वेतन, प्रतिष्ठा आणि गावाशी नाते हे चारही प्रश्न जोतीरावांना एकाच प्रश्नाची अंगे वाटली. आपण ते चार वेगवेगळ्या टेबलांवर पाठवले. यातली शेवटची सूचना आज वाचताना ओठांवर हसू येते, कारण शिक्षकाकडे इतर कामे देण्याचा सल्ला तेवढा शासनाने मनापासून अमलात आणला. फरक इतकाच की जोतीरावांना त्या कामांतून शिक्षकाचे वजन वाढायला हवे होते.

मानधन कमी आहे एवढीच तक्रार असती तर ती २०२३ नंतर थोडी तरी सौम्य व्हायला हवी होती. पण मुळातला घोटाळा रकमेत नाही. तीन वर्षांचा उमेदवारीचा काळ ही कल्पना वाईट नव्हे. वकील वरिष्ठांच्या हाताखाली उमेदवारी करतो. कीर्तनकार आधी टाळकरी म्हणून मागे उभा राहतो. तबलजी वर्षानुवर्षे गुरूच्या मैफलीत नुसता बसतो. या सगळ्या उमेदवाऱ्यांत पैसा कमीच असतो, पण समोर एक जाणता माणूस असतो. शिक्षणसेवकाच्या उमेदवारीत उमेदवार आहे, कमी पैसा आहे आणि जाणता माणूस तेवढा नाही. पहिल्या दिवसापासून तो पूर्ण शिक्षकाचे काम करतो, पूर्ण वर्ग सांभाळतो. त्याच्या तीन वर्षांच्या नस्तीत हजेरी असते, गोपनीय अहवाल असतो, प्रमाणपत्रांची पडताळणी असते. त्याच्या एखाद्या तासाला कुणी मागच्या बाकावर बसून नंतर त्याच्याशी अर्धा तास बोलले, अशी नोंद त्या नस्तीत सापडणार नाही, कारण तिच्यासाठी रकानाच नाही. मग ‘समाधानकारक’ म्हणजे कुणाचे समाधान?

यावर उत्तर मिळते की केंद्रप्रमुख हे पद त्यासाठीच आहे. खरे आहे. साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, त्याने शाळांना भेटी द्याव्यात, शिक्षकांना मार्गदर्शन करावे, महिन्याला शिक्षण परिषद घ्यावी, अशी ती मूळ कल्पना. पण अनेक जिल्ह्यांत ही पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि प्रभार एखाद्या शिक्षकाच्याच गळ्यात पडला. जो भरलेल्या पदावर आहे तोही माहिती गोळा करून वर पाठवण्यात बुडालेला. शाळेत आला की पहिला प्रश्न, ‘ती माहिती भरली का?’

या माहितीचे गणित नवशिक्षकाच्या डोक्यावर सर्वांत जास्त बसते. दोन शिक्षकी शाळा, चार किंवा पाच वर्ग. जोडीदार शिक्षक वयाने मोठा, त्यामुळे ऑनलाइन सगळे काम आपोआप तरुणाकडे. यू-डायस, आधार जुळणी, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, छायाचित्रे काढून ‘लिंक’वर चढवणे. वर मतदार यादीचे काम. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतील असे म्हटले आहे; पण कलमाचा तो उंबरठा ओलांडायला एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुरतो. रमेश इंगळे उत्रादकरांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ या कादंबरीत साक्षरता अभियानाच्या निमित्ताने शिक्षकांचे जे कागदी जग उभे राहिले, ते २००५ साली वाचताना आपण पोट धरून हसलो होतो. आज ती कादंबरी एखाद्या शिक्षणसेवकाला वाचायला द्यावी. तो हसत नाही. ‘पुढे?’ असे विचारतो.

नव्या शिक्षकाची अडचण नेमकी कशी असते हे मला पुस्तकांपेक्षा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे अधिक कळले. मराठवाड्यातल्या शेतकरी घरातली ही मुलगी. डी.एड. करून एम.ए.ला आली होती, संतकवितेवर सुरेख बोलायची. २०२४ च्या भरतीत तिला नंदुरबार जिल्ह्यातली सातपुड्याच्या अंगची शाळा मिळाली. महिनाभराने तिचा फोन आला. ‘‘सर, पहिलीची मुलं माझ्याशी बोलतच नाहीत.’’ पुस्तकातली चित्रे ती दाखवायची, नावे विचारायची, मुले तिच्याकडे पाहत राहायची. आपल्याला शिकवता येत नाही अशी तिची खात्री होत चालली होती. मुले घरी पावरी बोलत होती हे तिला पोचल्यावरच कळले होते. नियुक्ती आदेशासोबत त्या भाषेतल्या पन्नास शब्दांची एक यादीसुद्धा तिला कुणी दिली नव्हती. आदेशासोबत होती ती हमीपत्रांची यादी.

तिला वाट दाखवली ती अंगणवाडीच्या सेविकेने. ती त्याच पाड्यावरची. तिने मधल्या सुट्टीत येऊन वर्गात बसायला सुरुवात केली. चित्र पाहून मुले पावरीत काय म्हणतात ते ती सांगायची, आमची विद्यार्थिनी वहीत लिहून घ्यायची, आणि मग त्या शब्दावरून मराठी शब्दाकडे जायची. दिवाळीपर्यंत वही अर्धी भरली आणि मुले नुसती बोलायलाच नव्हे, तर बाईंचे पावरी उच्चार दुरुस्त करायलाही लागली. ही गोष्ट सांगताना तिचा आवाज किती बदलला होता! बनगरवाडीच्या कारभाऱ्याचे काम सत्तर वर्षांनंतर एका अंगणवाडी सेविकेने केले, तेही कुणी न सांगता आणि शिक्षणसेविकेपेक्षाही कमी मानधनावर.

हीच मुलगी आता स्पर्धा परीक्षेची पुस्तके मागवते आहे. शिवाय नियम अनुमती देतील त्या दिवशी बदलीचा अर्ज भरणार आहे. वडील आजारी असतात, घर पाचशे किलोमीटरवर आहे. तिला कोणत्या तोंडाने थांब म्हणावे? ती गेली की वही तिच्यासोबत जाईल. पुढच्या वर्षी नवी बाई येईल, मुले तिच्याकडे पाहत राहतील.

शिक्षक टिकवण्याचा प्रश्न आपल्याकडे असा आहे. पाश्चात्त्य देशांत शिक्षक व्यवसायच सोडून जातात म्हणून चिंता करतात. आपल्याकडे सरकारी शाळेतली नोकरी सहसा कुणी सोडत नाही; सोडली जाते ती शाळा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, गडचिरोली या जिल्ह्यांत बाहेरून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीची वाट पाहतात. बदल्यांचा हंगाम आला की एकेका जिल्ह्यातून शेकड्यांनी शिक्षक जातात आणि मागे शून्यशिक्षकी शाळा उरतात. मग ‘स्थानिकांनाच घ्या’ अशी मागणी जोर धरते. या मागणीमागची व्यथा खरी आहे, आणि जोतीरावांचे निवेदन वाचलेल्याला ती झटकून टाकता येणार नाही. पण ‘स्थानिक’ म्हणजे जिल्ह्याचा रहिवासी दाखला असलेला, एवढाच अर्थ घेतला तर फसगत होईल. सावंतवाडीच्या शहरी घरातला मुलगा आणि दोडामार्गच्या डोंगरातली शाळा यांतले अंतर दाखल्याने मिटत नाही. आणि लातूरहून आलेला शिक्षक मालवणीत रमून गेल्याची उदाहरणेही आहेत. डोंगराळ भागात राहायला खोली, पतिपत्नींना एका तालुक्यात नेमणूक, तिथली बोली शिकण्यासाठी नोकरीच्या वेळेतला वेळ, पाच वर्षे राहिलेल्याला पुढच्या बदलीत ठोस पसंती, हे मिळाले तर किती जण थांबतील हे करून पाहिल्याशिवाय कसे कळणार? बोली शिकण्यासाठीचा वेळ तर कुठल्याच धोरणात मी पाहिलेला नाही. मराठीच्या वर्गात आपण बोलींवर प्रश्न काढतो, प्रबंध लिहवून घेतो, आणि आपलेच विद्यार्थी कोरकू, माडिया, वारली बोलणाऱ्या मुलांपुढे रिकाम्या हातांनी जाऊन उभे राहतात.

जाणारे निदान दिसतात. न दिसणारे जाणे वेगळेच असते. पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्याचे कुणी ऐकले नाही, ज्याला कुणी ‘हा तास छान झाला’ किंवा ‘इथे असे करून पाहा’ म्हटले नाही, तो शिक्षक हजेरीपटावर तीस वर्षे राहतो. पण त्याच्यातला शिकवणारा कधीच उठून गेलेला असतो. मार्गदर्शिका उघडायची, प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहायची, माहिती भरायची. खाजगी माध्यमिक शाळेत हे आणखी लवकर घडते, कारण तिथे नव्याला उरलेले तास मिळतात. मराठीचा एम.ए. हिंदी, इतिहास आणि कार्यानुभव शिकवतो. मराठीचे दहावीचे तास ज्येष्ठांकडे, आणि ज्येष्ठ निवृत्त होईपर्यंत नव्याची मराठी गंजून गेलेली. (विनाअनुदानित शाळांत तर पगार होईल की नाही इथूनच सुरुवात. त्यावर लिहायला बसलो तर हा लेख संपणार नाही.)

कुणी म्हणेल, पूर्वीच्या शिक्षकांना कुठे मार्गदर्शक होते? साने गुरुजींना कोणी प्रशिक्षण दिले? हे उदाहरण इतक्या वेळा तोंडावर फेकले जाते की त्याचे उत्तर एकदा देऊन टाकावे. असामान्य माणसाच्या जोरावर व्यवस्था उभी करता येत नाही. आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे होते. नंतर नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले. त्यांना आदर्श म्हणून पुढे करणारे शिक्षक टिकवण्याच्या चर्चेत हा तपशील सोयीस्करपणे विसरतात.

त्यापेक्षा अनुताई वाघांचे उदाहरण अधिक उपयोगाचे. पुण्यात बरीच वर्षे शिक्षिकेची नोकरी केल्यानंतर १९४५ मध्ये त्या बोर्डीला ताराबाई मोडकांच्या हाताखाली काम करायला गेल्या. अनुभवी शिक्षिका असूनही बालशिक्षणात त्यांनी स्वतःला नवखे मानले. बोर्डी आणि मग कोसबाड. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या तोवर ही सोबत चालली. आज अनुताईंचे नाव आपण स्वतंत्रपणे घेतो, पण ते नाव घडले ते एका जाणत्या बाईच्या शेजारी रोज काम करून. वर्गात मूल काय करते ते दोघींनी पाहायचे आणि संध्याकाळी त्यावर बोलायचे, याला पर्यायी ऑनलाइन मॉड्यूल अजून निघालेले नाही.

अशी माणसे आता कुठून आणायची? २०२३ च्या जुलैमध्ये शासनाने एक निर्णय काढला होता: रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजार मानधनावर तात्पुरते नेमायचे. बेरोजगार तरुणांनी त्याविरुद्ध ओरड केली आणि ती रास्त होती. तरुण वाट पाहत असताना त्यांच्या जागी निवृत्तांना बसवणे हा अन्यायच. पण त्या निर्णयाने एक गोष्ट नकळत सिद्ध केली. निवृत्त शिक्षक कामाला येऊ शकतात आणि त्यांच्यासाठी वीस हजार रुपये काढता येतात. मग त्यांना नव्या शिक्षकांच्या जागी न बसवता त्यांच्या शेजारी का बसवू नये? तालुक्यात पंधरा नवे शिक्षक आले असतील तर तीन निवडक निवृत्त शिक्षकांकडे प्रत्येकी पाच जण. आठवड्यातून एक दिवस एका शाळेत. तपासणी नाही, अहवाल नाही, छायाचित्र नाही. मागे बसायचे, ऐकायचे, एखादा तास स्वतः घेऊन दाखवायचा. निवडताना त्यांचे पुरस्कार न पाहता त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे, म्हणजे चूक होणार नाही. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी मतदार यादी आणि ऑनलाइन माहिती यांतून मोकळे ठेवायचे. हा एवढा खर्च राज्याला न पेलणारा आहे हे मला पटत नाही.

उलट चालले आहे ते असे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पात्रता परीक्षा सेवेतल्या शिक्षकांनाही बंधनकारक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नोकरीपुरती सवलत, बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत. निकालाच्या कायदेशीर बाजूवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्या पन्नाशीच्या शिक्षकाने नव्या सहकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, तोच आता त्याच्याकडून बालमानसशास्त्राच्या नोट्स मागतो आहे, हे चित्र मी एका शाळेच्या स्टाफरूममध्ये पाहिले. तो तरुण बिचारा संकोचून गेला होता. शिक्षकाचा दर्जा म्हणजे परीक्षेचा निकाल, ही समजूत आता प्रवेशद्वारावर थांबायला तयार नाही.

महाविद्यालयात शिकवणाऱ्यांनी शाळांबद्दल बोलू नये असा एक अलिखित संकेत आहे. आमच्याकडेही तासिका तत्त्वावर राबणारी, चाळिशीला टेकलेली माणसे आहेत. आपले जळते घर सोडून शेजारच्याला पाणी कशाला न्यायचे, असे एक सहकारी म्हणाले. पण ही घरे शेजारशेजारची नाहीतच. शाळेत मराठी कशी शिकवली जाते त्यावर आमच्या वर्गात कोण येऊन बसते ते ठरते, आणि आमच्या वर्गातून कोण बाहेर पडते त्यावर शाळेत कोण उभे राहते ते.

मराठी विभागांना शासन निर्णयाची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम आहे. आपल्या तालुक्यात यंदा नेमलेल्या भाषाशिक्षकांची नावे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतात. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी विभागाचे दार त्यांच्यासाठी उघडे ठेवावे. व्याख्यान ठेवू नये, बॅनर तर अजिबात नको. पाठ्यपुस्तकातली एक कविता घ्यावी, ती प्रत्येकाने मोठ्याने वाचावी, आणि ती वर्गात नेली तेव्हा मुले काय म्हणाली ते ज्याने त्याने सांगावे. त्या विद्यार्थिनीच्या वहीची झेरॉक्स प्रत मी विभागाच्या कपाटात ठेवली आहे. नंदुरबारकडे नेमणूक झालेल्या कुणाला हवी असल्यास कळवावे.